तीन हजार भाग, एकच सासू

‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली तेव्हा मी बालवाडीत होते. जानेवारी २०१३मध्ये ती संपली तेव्हा माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. मधली सगळी वर्षं मुरुमच्या आमच्या घरात आज्जीची एक वेळ त्या मालिकेसाठी राखलेली असायची. भारनियमनाचे दिवस होते. ऐन वेळी लाईट गेली की ती सोलापूरच्या आत्याला फोन लावायची, “आज काय झालं गं?”

मला हसू यायचं. एका बाईनं वर्षानुवर्षं तीच सासू कशी करायची?

ती बाई म्हणजे रोहिणी हट्टंगडी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या. १९८२च्या ‘गांधी’ सिनेमातल्या कस्तुरबांसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ‘सारांश’मध्ये ऐन तरुणपणी त्यांनी म्हातारी आई उभी केली. हे मला कॉलेजात समजलं आणि वाईटच वाटलं. एवढं मिळवून शेवटी डेली सोपमध्ये अडकल्या?

आता तोच प्रश्न मी स्वतःला विचारते. पाच वर्षं मी पुण्यात एकाच कंपनीत आहे. पतसंस्थांच्या हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळते. नवं काही बांधत नाही, मोडलेलं दुरुस्त करते. बरोबरच्या मुलांनी तोवर तीन-तीन नोकऱ्या बदलल्या. माझ्याही हातात एक ऑफर आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

टिकून राहणं हा मुळात गुण आहे का? इंग्लंडमध्ये विल्यम रोच हे अभिनेते १९६०पासून ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेत केन बार्लो ही एकच भूमिका करत आलेत. आकडा ऐकून आपण तोंडात बोट घालतो. पण नुसती वर्षं काहीच सिद्ध करत नाहीत. माणूस भीतीनंही टिकतो, आळसानंही टिकतो. शिवाय मालिका लांबली की जाहिरातींचा पैसा चॅनेलला मिळतो. मालकाच्या सोयीला निष्ठा म्हणायचं कारण नाही.

मग आज्जी काय बघत होती? एकदा मी तिला विचारलं होतं, “कंटाळा येत नाही का तुला?” ती म्हणाली, “ती चुकवती का कधी? मग मी कशी चुकवू?”

मालिकेचे ३,०००हून जास्त भाग झाले. रोजच्या मालिकेत तालीम जवळपास नसते, संवाद बऱ्याचदा सेटवरच हातात पडतात. दोन हजाराव्या भागातल्या एका प्रसंगाला कोण बक्षीस देणार? पण मुरुममध्ये लाईट टिकलीये म्हणून हातातलं काम टाकून बसलेल्या बाईसाठी तो आजचा एकमेव भाग असतो. कलाकाराचं देणं असेल तर ते तिचं आहे, चॅनेलचं नाही. ते देणं किती वर्षं काढली यावरून मोजता येत नाही. दोन हजाराव्या वेळी समोरच्याकडे पहिल्या वेळेइतकं लक्ष आहे का, यावरून मोजावं लागतं.

हे माप स्वतःला लावलं आणि लाज वाटली. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेतून व्याजाच्या आकड्याबद्दल तक्रार आली होती. नेहमीचंच असणार, असं धरून मी ती पूर्ण न वाचता बंद केली. तिथल्या क्लार्कला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही. त्यानं बहुतेक कॅल्क्युलेटर घेऊन रात्री आकडे जुळवले असतील. म्हणजे राजीनामा न देताच मी नोकरी सोडली होती. आणि ही सवय घेऊन नव्या कंपनीत गेले, तर तिथंही पहिले सहा महिने झाले की हेच करेन.

हट्टंगडी अडकल्या असं मला वाटलं होतं, कारण मी पुरस्कारांकडून त्यांच्याकडे बघत होते. आज्जी टीव्हीसमोरून बघत होती.

ऑफरचं अजून ठरलेलं नाही. जाण्यात पाप नाही, राहण्यात पुण्य नाही. ती तक्रार मात्र मी आज पुन्हा उघडली. व्याजाचा आकडा खरंच चुकत होता.