कासव दिसलं नाही तर?

मार्चमधला शनिवार. मुरबाडहून रात्रभर गाडी चालवत आम्ही चौघे मित्र मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचलो. सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो आणि दोरीमागे उभे राहिलो. कार्यकर्त्याने कुंपणातल्या घरट्यांवरच्या टोपल्या एकेक उचलून पाहिल्या. म्हणाला, "आज पिल्लं नाहीत."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पैसे भरून आलोय. एखादं घरटं उकरून दाखवा की!" काही जण हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

मग घर आठवलं. पावसाळ्यात आमच्या माळशेज घाटात अशीच गर्दी होते. धबधब्याखाली बाटल्या फुटतात, रस्ता अडतो. काही बोललं की उत्तर ठरलेलं: "खर्च करून आलोय." आम्ही चिडतो. वेळासला मात्र त्या गर्दीत मीच होतो.

ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पूर्वी ही अंडी खायला, विकायला उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती कुंपणात जपायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली, गावात चार पैसे आले. म्हणजे पर्यटकाचा पैसा कासवाच्या कामी येतो, हे खरंच आहे. मग त्या पैशाने त्याला नेमका कसला हक्क मिळतो?

मला वाटतं, राहण्याचा आणि जेवणाचा. पिल्लू त्या हिशोबात धरलेलंच नाही. ते दिसावं म्हणून आपण येतो, पण ते आपल्यासाठी येत नाही. आणि न दिसल्यावर आपले पैसे वाया गेले असं वाटत असेल, तर जपायचं होतं ते कासव की आपला व्हिडिओ?

संध्याकाळीही टोपल्यांखाली काही नव्हतं. निघताना घरच्या काकू म्हणाल्या, "पुढल्या वर्षी या हो." कासवं दिसतील, असं त्या म्हणाल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.