शीव नंतर आली

नाकाडोंगरीच्या मंडईत यंदा दुय्यम खडी गंमत होती. शाहिरानं तणसाच्या जाळावर डफ शेकला, मराठीत गण म्हटला आणि समोरच्या पार्टीला सवाल टाकला तो हिंदीत. नाच्यानं पोवारीत असं उत्तर फेकलं की बाया पोट धरून हसल्या. शेजारच्या पाहुण्यांच्या कपाळावर मात्र आठ्या. म्हणाले, "कला चांगली आहे हो, पण भेसळ फार."

तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

गंमत काय, दंडार काय, हे झाडीतल्या वाचकाला सांगायला नको. भेसळीचं सांगतो. भेसळ म्हणजे दुधात लपवून घातलेलं पाणी. विरजणात लपवाछपवी नसते. दुधाचं दही होतं आणि ते दही म्हणूनच खपतं. गंमत हे विरजण आहे, असं उत्तर मी मनाशी जुळवलं. पाहुण्यांचं एवढं मात्र खरं की सिनेमाच्या चालीवर नुसते शब्द बसवले की डफ मुका होतो.

असंच विरजण दूर मेक्सिकोतही दिसतं. तिथं सणाला पातळ रंगीत कागद कातरून तोरणं लावतात. त्या कागदाला तिथले लोक आजही चिनी कागदच म्हणतात. मनिलाची जहाजं 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं आशियाचा माल आकापुल्कोला उतरवत होती. कागदाचं नाव चिनी राहिलं, तोरण मेक्सिकोचं झालं. 1970च्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसमधल्या चिकानो चित्रकारांनी मृतांचा सण अमेरिकेच्या रस्त्यावर आणला, तेव्हा ही तोरणंही आली. हे चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. त्यांतले बरेच मागाहून तिथं गेले. पण काहींचे पूर्वज कुठंच गेले नव्हते. 1848च्या तहात मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख अमेरिकेकडे गेला आणि शीवच त्यांच्या घरापलीकडे सरकली.

इथं माझा विरजणाचा दाखला लंगडा पडला. विरजणाला आधी निर्भेळ दूध लागतं. आमच्या बावनथडी नदीच्या काठी ते होतं कधी? अलीकडे-पलीकडे सोयरिकी, बाजार एक, आणि घरात पोवारी बोलणारा माणूस बाजारात हिंदी नि शाळेत मराठी बोलणार. त्या शाहिरानं दोन भाषा मिसळल्याच नाहीत, तो आपल्या एकाच गावाची बोली बोलत होता. मिसळण दिसतं ते नकाशा हातात घेऊन बघणाऱ्याला.

पाहुणे पुन्हा भेटले तर त्यांना विरजणाचं सांगणार नाही. 1 नोव्हेंबर 1956 उजाडेपर्यंत भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते, एवढंच सांगेन.