दिवेलागणीच्या आत

देव सर्वत्र भरला आहे असे आपण म्हणतो. मग त्याच्या भेटीसाठी घराबाहेर कशाला पडायचे? आणि पडलोच, तर त्या जाण्याला वारी म्हणायचे की नुसते हिंडणे? वारकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. गावोगावच्या सप्ताहात, कीर्तनानंतरच्या गप्पांत कोणी ना कोणी तो काढतोच. आम्हा उभयतांपुढे मात्र तो गेल्या काही वर्षांत अगदी घरगुती होऊन उभा राहिला.

आम्ही नाहूरला राहतो. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले हे गाव. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. घरात आमच्या मातोश्री आहेत. पायांत बळ होते तोवर त्यांनी आषाढी चुकवली नाही. आता घरातल्या घरात भिंतीचा आधार घेऊन चालतात. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालायची, तर तीन आठवडे घर सोडावे लागते. मातोश्रींना ठेवून दोघांनी मिळून तेवढे दिवस बाहेर राहणे जमणारे नाही. म्हणून आम्ही जवळ जातो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रविवार, डब्यात भाकरी आणि चटणी, लोकलचे तिकीट. शेजारच्या ताई दुपारभर मातोश्रींपाशी बसतात. नियम एकच, दिवेलागणीच्या आत घरी परतायचे.

यावर दोन बाजूंनी बोलणे ऐकू येते. कोणी म्हणते, ही तर सहल झाली, तिला देवाचे नाव कशाला? दुसरे कोणी म्हणते, म्हातारे माणूस घरी आणि नवरा-बायको फिरतात, हा कुठला धर्म? दोन्ही बोलणी झटकून टाकण्यासारखी नाहीत. त्यांचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच एका जोडप्याच्या प्रवासाची कथा आहे.

पुंडलिक पत्नीला घेऊन काशीला निघाला होता. आपण दोघे सुखात पुढे आणि म्हातारे आई-वडील पायी मागे, अशी ती यात्रा. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात मुक्काम पडला. तिथे पहाटे मळक्या वस्त्रांतल्या स्त्रिया आश्रमाची झाडलोट करताना त्याला दिसल्या. सेवा करता करता त्यांची वस्त्रे स्वच्छ झाली. त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. ज्यांच्या काठी तो पाप धुवायला निघाला होता, त्या नद्याच मातापित्यांची सेवा करणाऱ्या ऋषीच्या दारी शुद्ध व्हायला येत होत्या. पुंडलिकाचे डोळे उघडले. तो परतला. आई-वडिलांचे पाय चेपत बसला, आणि पुढे काय झाले ते आपण रोज विटेकडे पाहून आठवतो.

ही कथा घरी बसा असे सांगते, असा पुष्कळांचा समज आहे. मला ती तशी वाटत नाही. पुंडलिकाच्या निघण्यात दोष नव्हता. आपण ज्यांचे देणे लागतो ती माणसे मागे फरफटत होती आणि हा पुढे चालला होता, यात दोष होता. काशी पुढे होती, पण देव भेटला तो मागे वळलेल्याला. म्हणून कुठल्याही प्रवासाला पहिला प्रश्न हा विचारावा की, या वाटेवर आपण कोणाला मागे टाकतो आहोत? दिवेलागणीचा आमचा नियम या प्रश्नातून आला. मातोश्रींची सोय होत नसेल त्या रविवारी आम्ही निघत नाही, आणि त्याचे दुःखही करीत नाही.

वारी या शब्दाचा अर्थही येरझार असाच सांगतात. जाणे आणि येणे मिळून वारी होते. एकदा जाऊन येतो तो यात्रेकरू. परत येतो, प्रपंच सांभाळतो आणि पुन्हा जातो तो वारकरी. म्हणजे वारीचे माप किलोमीटरमध्ये नाही, परतण्यात आहे. हे परतणे दुहेरी असते. संध्याकाळी घराकडे परतायचे, आणि ज्या ठिकाणी गेलो त्या ठिकाणीही पुन्हा परतायचे. पहिल्या परतण्याबद्दल पुंडलिकाने सांगून ठेवले आहे. दुसऱ्याबद्दल थोडे बोलायला हवे.

इथे कोणी सावता महाराजांचे उदाहरण देईल. अरणचा हा माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, देवच त्याच्या मळ्यात आला. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरपुरी येतात आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या भेटीला अरणला जाते. मग आपणही आपापल्या जागी का राहू नये? जरूर राहावे, पण आधी स्वतःला विचारावे की, सावतोबांना जसा त्यांचा मळा ठाऊक होता, तसा आपल्याला आपला मळा ठाऊक आहे का? कुठल्या वाफ्यात काय लावले, पाटाचे पाणी कुठून येते, हे त्यांना हातांनी माहीत होते. आपण एकाच इमारतीत वीस-वीस वर्षे राहतो आणि नळाचे पाणी कुठून येते हे सांगता येत नाही. सावतोबांचे न जाणे मळ्याच्या ओळखीवर उभे होते. आपले न जाणे बहुतेक वेळा नुसते न पाहणे असते.

नाहूरची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली ती याच वाटेने. त्यानंतर दीडशे वर्षे गाड्या इथून जात राहिल्या, पण नाहूरला स्टेशन झाले ते २००६ साली. इतकी वर्षे लाखो माणसे या गावाजवळून गेली, पण इथे उतरली नाहीत. आपल्या परिसरातून आपणही बरेचदा असेच जातो.

आमच्या घरातून दिसणाऱ्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. सरळ रेषेत जवळ, पण जायचे तर वळसा घालून बोरिवलीच्या दारातून. एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढे जवळपास हजार वर्षे तिथे भिक्षू राहत होते. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. ही दान देणारी दांपत्ये असावीत असे मानतात. डोंगरभर पाण्याची टाकी खोदली आहेत, त्यांत पावसाचे पाणी उतरावे म्हणून खडकात पन्हळी काढल्या आहेत. भिंतींवरचे ब्राह्मी लेख दात्यांची नोंद ठेवतात. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा. कोणी कुटुंबासह दान दिले, कोणी आई-वडिलांच्या पुण्यासाठी. पंथ वेगळा, काळ वेगळा, पण प्रपंचातली माणसे तीच. कल्याणच्या गृहस्थाने इथल्या अनोळखी तहानेची सोय केली. सौ. त्या जोड्यांपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, ही माणसं बघायला आली नव्हती, काहीतरी ठेवायला आली होती.”

तिच्या त्या बोलण्याने आमच्या पुढच्या फेरीची दिशा ठरली. आम्ही पाण्याचा माग काढला. नाहूरच्या शेजारीच भांडुपला पाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे. मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. तुळशी आणि विहार आमच्या डोंगरात आहेत. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते. आम्ही कसाऱ्याकडची गाडी धरून आसनगावला उतरलो. चैत्र सरत आला होता. धरणांच्या त्या तालुक्यात पाड्यापाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हे वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात येते. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. एका माउलीने सावलीत बसायला जागा दिली आणि आम्ही मुंबईचे हे कळल्यावरही तिच्या बोलण्यात कडवटपणा आला नाही. तिने हंड्यातले पाणी पुढे केले. ते हातात घेताना जड वाटले.

घरी आल्यावर मातोश्रींना सगळे सांगितले. त्यांनी आमच्याकडे बघून एवढेच विचारले, “परत कधी जाणार?”

वारी केलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. काय काय पाहिले, असे त्या विचारीत नाहीत. पाहिलेली गोष्ट यादीतून खोडता येते, भेटलेले माणूस खोडता येत नाही. सहल आणि वारी यांतला फरक मला इथे सापडतो. सहलीला दर वेळी नवी जागा लागते. वारकरी आयुष्यभर तीच वाट, तोच काठ, तीच वीट पाहतो आणि त्याला कंटाळा येत नाही, कारण तो बघायला जात नाही, भेटायला जातो. जिथे भेट झाली तिथे देणे तयार होते, आणि देणे असले की परतावे लागते. आम्ही शहापूरकडे पुन्हा गेलो, पुन्हा जाऊ. घरात तांदूळ धुतलेले पाणी आता तुळशीला जाते. तेवढ्याने त्या माउलीचा हंडा भरत नाही, हे आम्हाला कळते. पण ज्याचे ऋण ठाऊक नाही त्याला ते फेडण्याची बुद्धीही होत नाही. ओळख ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

पुन्हा जाण्याने जागाही उलगडते. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. पहिल्या वेळी भिंतीवरची शिल्पे पाहण्यात दिवस गेला. दुसऱ्या वेळी लक्षात राहिले ते हे की, इथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. उंच चढून नव्हे, खाली उतरून दर्शन. तिसऱ्या वेळी देवळाशेजारच्या वालधुनी नदीकडे पाहिले आणि तिचा काळवंडलेला प्रवाह पाहून मान खाली गेली. देऊळ तेच, पण तिसऱ्या फेरीशिवाय नदी दिसली नसती. शिल्पांना हात जोडून नदीकडे पाठ करणारी भक्ती देवाला कशी पुरेल?

आता दोघांनी मिळून जाण्याबद्दल. पंढरपुरात विठोबा आणि रखुमाई वेगवेगळ्या गाभाऱ्यांत उभे आहेत. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत मागोमाग आला, अशी कथा आहे. म्हणजे पुंडलिकाच्या दारी येण्याआधी देव स्वतःही घरच्या माणसाच्या शोधात बाहेर पडला होता. आषाढीच्या शासकीय महापूजेतही मुख्यमंत्र्यांबरोबर दर्शनरांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मान मिळतो. प्रपंचातल्या दोघांनी मिळून देवापुढे उभे राहणे आपल्या संप्रदायाला प्रिय आहे. पण दोघे म्हणजे खरोखर दोघे हवेत. एकाचा रविवार आणि दुसरीचे पहाटे चारला उठून दोन्ही वेळचे रांधणे, असे असेल तर तीही पुंडलिकाची पहिलीच यात्रा झाली. फरक इतकाच की, मागे राहिलेले माणूस शेजारी चालत असते, म्हणून दिसत नाही. आमच्याकडे भाकरी सौ.ची आणि मातोश्रींची औषधे, अंथरूण, दुपारचे ताट माझ्याकडे. कुठे जायचे हे आलटून पालटून ठरते.

ज्यांना पायी वारी घडते त्यांनी ती कधीही सोडू नये. तिची जागा अशा फेऱ्या घेऊ शकत नाहीत. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, कोणी लहान आहे, ज्यांना नोकरी सुट्टी देत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा चार वाऱ्या आपल्याकडे आहेत. त्या चार निमित्तांनी आपल्या घराजवळचे एक ठिकाण धरावे. मुंबईकर आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला जातातच. तसेच एखादे जुने देऊळ असेल, तलाव असेल, नदीचा उगम असेल, आपल्याला मीठ देणारी मिठागरे असतील. दर वर्षी त्याच ठिकाणी जावे. तिथल्या एका माणसाचे नाव माहीत करून घ्यावे. आपण त्या जागेचे काय लागतो ते विचारावे, आणि पुढच्या खेपेला रिकाम्या हाताने जाऊ नये.

आणि घरी कोणी वाट पाहत असेल, तर दिवेलागणीच्या आत परतावे. देव सर्वत्र आहे हे खरेच, पण त्याची वीट एका परतलेल्या मुलाच्या दारात आहे, एवढे विसरू नये.

राम कृष्ण हरी.