सीलची चरबी आणि कर्त्याचा प्रश्न

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हाही गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात हमाल गठ्ठे वाहू शकतो, कारण अंगावरचा घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलपुढचा प्रश्न नेमका उलटा. तिथे समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांपर्यंत उतरते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून घेते. म्हणून सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. वल्ह्यासारख्या पायांत जाणारे गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला खेटून वाहते आणि आपली ऊब त्यालाच देते. ही जुळणी पाहून 'हे कोणीतरी योजलेच असणार' असे वाटणे स्वाभाविक आहे. दहाव्या शतकात न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याच वळणाचा युक्तिवाद केला: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. त्याआधीच, सातव्या शतकात, बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने विचारले होते की मातीचा आकार दिसला म्हणून वारूळही कुंभाराने केले असे मानायचे का? हा आक्षेप नागपूरला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी याच शहरात स्वीकारलेल्या बौद्ध धम्मात सृष्टिकर्त्याला जागा नाही.

माझ्या मते सीलचे शरीर धर्मकीर्तीच्या बाजूने साक्ष देते. त्याच्या वल्ह्यात पाच बोटांची हाडे आहेत. पाण्यात राहूनही त्याला श्वास हवेतूनच घ्यावा लागतो. त्यासाठी वेडेल सील बर्फातले भोक दातांनी खरवडून उघडे ठेवतो. दात झिजतात आणि आयुष्य आखूडते. हे जमिनीवरच्या पूर्वजाकडून आलेले शरीर आहे. कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशात २००७ साली सापडलेल्या 'पुइजिला' या सीलच्या प्राचीन नातलगाच्या जीवाश्मात वल्ह्यांऐवजी पायच आहेत. इतकी नेमकी रचना निव्वळ योगायोगाने होत नाही, हे म्हणणे खरेच आहे. पिढीतले फरक आंधळे असतात, पण गारठ्यात कोण तगेल हे आंधळेपणाने ठरत नाही. यावर कोणी म्हणेल, तो नैसर्गिक निवडीचा नियमच ईश्वराने घातला. तसे मानता येते, पण ती श्रद्धा मग सीलच्या चरबीवर उभी राहत नाही. तिला दुसरा आधार शोधावा लागतो. झिजलेल्या दातांचे काय, या प्रश्नावर नैयायिक पूर्वकर्माकडे बोट दाखवील आणि त्या योनीतला जन्म हेच फळ म्हणेल. पण हे उत्तर जुळणाऱ्या शरीराला लागू पडते, तसेच न जुळणाऱ्यालाही. सीलच्या पायाला वल्ह्याचाच आकार का आला, हे ते सांगू शकत नाही. थंड पाणी आणि पूर्वजाचा पाय मिळून ते सांगतात.