न उघडलेली झडप

जी वस्तू नित्य वापरात असते तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे असते. दाराचा अडसर रोज सरकतो, म्हणून तो उद्याही सरकेल असे आपण धरून चालतो. एखाद्या दिवशी अडलाच तर तेव्हाच्या तेव्हा कळते. पण जी वस्तू केवळ संकटाच्या घटकेसाठी राखून ठेवलेली असते, आणि ती घटका कधी येऊच नये अशी सर्वांची इच्छा असते, ती ठीक आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणावे? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. परंतु अणुविद्युत्‌केंद्रातील झडपांच्या चाचण्यांची मुदत वाढवावी की नाही, हे ज्याला ठरवावयाचे असते त्याच्या टेबलावर तो फाईलच्या रूपाने येऊन पडतो. आमच्या बहुतेक वाचकांचे आयुष्य फायलींतच गेले असल्यामुळे त्यांना तो परका वाटू नये.

बंगळूरला आमच्या घरी जी वीज येते तिच्यात कैग्याचा वाटा आहे. कैगा काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात आहे. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. तेथील 220 मेगावॅटच्या चार भट्ट्यांपैकी पहिली 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली ती 31 डिसेंबर 2018 पर्यंत, 962 दिवस, अखंड चालली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता, आणि त्याचा अभिमान आम्हांलाही वाटतो. तथापि आपल्याकडे अशा भट्ट्या साधारणतः दोन वर्षांनी तपासणीसाठी थांबवितात, आणि काही झडपा भट्टी थांबल्यावाचून तपासताच येत नाहीत. भट्टी जितकी लांब चालेल तितकी त्यांची पाळी लांबते. म्हणूनच अशा मुदती केंद्राला आपखुषीने बदलता येत नाहीत. 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती त्यासाठी लागते.

चाचण्या कमी कराव्यात असे म्हणणारा नेहमी बेफिकीर असतो असे मात्र नव्हे. प्रत्येक चाचणीने झडप थोडी झिजते, कामगारांच्या अंगावर किरणोत्सर्ग येतो, आणि चाचणी चालू असेतोवर ते संरक्षण पुष्कळदा बाजूला ठेवलेले असते. अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे 28 मार्च 1979 रोजी अपघात झाला तेव्हा आणीबाणीच्या पाण्याच्या वाटेवरील दोन झडपा बंद आढळल्या. दोन दिवस आधीच्या चाचणीत त्या बंद केलेल्या होत्या आणि बहुधा तशाच राहून गेल्या होत्या. म्हणजे जिच्यासाठी चाचणी, तिचाच घात चाचणीने केला! त्याच अपघातात एक तिसरी झडप उघडी अडकून दोन तासांहून अधिक काळ वाहत राहिली. नियंत्रणकक्षातील दिव्यावरून ती बंद आहे असे सर्वांना वाटले. वास्तविक तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता, बंद होण्याचा हुकूम सुटला एवढेच सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे मानणारी कार्यालये आम्ही सर्वांनीच पाहिली आहेत.

उलट बाजूचा हिशेब साधा आहे. झडपेत दोष केव्हाही शिरू शकतो, पण तो कळतो चाचणीच्या दिवशीच. तीन महिन्यांनी चाचणी असेल तर असा दोष सरासरीने दीड महिना लपून राहील. मुदत सहा महिन्यांची केली तर तीन महिने. ‘आजवर काही झाले नाही’ हे वाक्य येथे अपुरे पडते, कारण आजवर त्या झडपेकडे कोणी काही मागितलेच नाही. ज्याला कधी प्रश्न विचारला नाही त्याच्या मौनाला उत्तर कसे म्हणावे?

आणि प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी झडपेला वंगण घालून, दोनचार वेळा उघडमीट करून मग तिची परीक्षा घेतली, तर ती उत्तीर्ण होणारच. पण महिनोन्‌महिने निश्चल राहिलेली झडप पहिल्या हाकेला उठते की नाही, हे जाणावयाचे ते राहूनच जाते. म्हणून जाणते नियामक अशा पूर्वतयारीला आक्षेप घेतात. साहेबांचा दौरा जाहीर झाल्यावर रंगविलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

खरा नैतिक पेच यापुढे आहे. 220 मेगावॅटची भट्टी एक दिवस थांबली की जवळजवळ 53 लाख युनिट वीज बुडते. मग मुदतवाढ मागणारा झिजेचा आणि किरणोत्सर्गाचा मुद्दा पुढे करतो तेव्हा त्याच्या मनात कामगार असतो की युनिटे असतात? काही म्हणतील, हेतूशी काय काम, युक्तिवाद खरा की खोटा एवढे पाहावे. आम्हांला हे पूर्णपणे पटत नाही. लोभाने मांडलेला युक्तिवाद त्यामुळे खोटा ठरत नाही हे मान्य; परंतु ज्याला उत्तर अमुकच यावे असे वाटते, त्याने आणलेल्या पुराव्याची छाननी अधिक कडक असावी. शंका सिद्ध करण्याचा भार नकार देणाऱ्यावर टाकला, की काळीच्या काठच्या माणसाची बाजू मांडणारा त्या फाईलमध्ये कोणीच उरत नाही. नियामकाने स्वतःच्या पायांवर उभे असावे लागते ते यासाठी. 2012 साली महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुय्यम दर्जावर अहवालात बोट ठेवले, तेही म्हणूनच महत्त्वाचे.

बंगळूरच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत यंत्रसामग्री मंचावर ठेवून कृत्रिम भूकंपाने हलवून पाहतात. तेथे भूकंप निर्माण करता येतो. अपघाताची ती एक घटका मात्र कोठेही हुबेहूब निर्माण करता येत नाही. तरी जेवढे विचारता येईल तेवढे विचारावे. 2013 च्या एप्रिलमध्ये कुडनकुळमच्या पहिल्या भट्टीतील हजारो झडपांच्या चाचण्यांत एका प्रकारच्या चार झडपा सदोष निघाल्याचे नियामक मंडळाने जाहीर केले. चार झडपांसाठी एवढा खोळंबा, असे कोणाला वाटले असेल. आम्हांला ती बातमी दिलासा देणारी वाटली. त्यांतील सुटे भाग बदलवून मंडळाने पुन्हा चाचण्या करविल्या, आणि भट्टी पेटली ती 13 जुलैला.