गॅलरीतलं पोळं आणि तेरावा अध्याय

आजचं वाचन: गीता, अध्याय १३, ज्ञानाची लक्षणं.

या यादीत अमानित्व आणि अदंभित्व यांच्या पाठोपाठ अहिंसा येते. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतही ती आहे, पण तिथे ती गुण म्हणून येते. इथे मात्र भगवंत तिला ज्ञान म्हणतात. "मारायचं नाही" एवढंच सांगायचं असेल, तर त्यात जाणून घेण्यासारखं काय आहे?

या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला आणि हा प्रश्न एकदम घरातला झाला. गॅलरीत तुळशीच्या बरोबर वर, ग्रिलच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं छोटं पोळं झालंय. घरात दोन वर्षांचं बाळ आहे. सासूबाई म्हणतात, स्प्रे मारून मोकळी हो. ताईंच्या गळ्यात माळ आहे, हात उठत नाही. "दादा, काय करू?"

ताई, आधी नीट बघा. लांबूनच, पण दोन-तीन दिवस. पोळं म्हणून आपण ज्याला घाबरतो, त्यात तीन-चार वेगवेगळे संसार असतात.

चौकटीवर किंवा पडद्यामागे मातीचे गोळे किंवा नळ्या दिसल्या तर ती कुंभारीण. ही एकटी राहते आणि घर राखायला सहसा अंगावर येत नाही. एकेका खोलीत ती कोळी किंवा अळ्या डंखाने लुळ्या करून ठेवते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू ते अन्न खाऊन वाढतं आणि माती कोरून बाहेर पडतं. सगळ्या खोल्यांना गोल भोकं दिसली की घर रिकामं झालं, मग खुशाल खरवडून काढा. थोडे आठवडे थांबलात तर एकही जीव न मारता काम होतं.

(हीच ती एकादश स्कंधातली. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हिच्या घरात कोंडलेल्या किड्याचा दृष्टांत आहे: भीतीने तिचाच ध्यास घेऊन तो तिच्यासारखा होतो. प्रत्यक्षात तो किडा खाल्ला जातो आणि बाहेर येतं ते तिचं पिल्लू. माझ्या मते याने दृष्टांत मोडत नाही, कारण तो ध्यासाबद्दल आहे. पण प्रवचनात तिच्या नावाने मान डोलवायची आणि घरात दिसली की पेस्ट कंट्रोलला फोन करायचा, याची गंमत वाटते.)

ताईंच्या फोटोतलं पोळं मात्र कागदी आहे. बारीक देठाला लटकलेलं, राखाडी-तपकिरी, खाली तोंड असलेल्या उघड्या षट्कोनी खोल्यांचं. माश्या झाडाचे, लाकडाचे तंतू चावून लाळेत कालवतात आणि त्याचा हा कागद बनतो. यात मध नसतो. त्या पिल्लांना अळ्या भरवतात, म्हणजे कुंडीतल्या झाडांचं थोडं राखणही करतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या अशा एका जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षं काम केलं. या जातीची राणी अगदी मवाळ असते. तिला काढलं की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, काही दिवसांत अंडी घालू लागते आणि मग तीही शांत होते. तळहाताएवढ्या कागदावर एवढं राजकारण!

तिसरा प्रकार म्हणजे भोपळ्यासारखं बंद, मोठं पोळं, मोठ्या गांधीलमाश्यांचं. त्याला स्वतः हात लावू नका, जाणकार माणूस बोलवा. आणि मेणाचं पोळं असेल तर त्या मधमाश्या, त्यांना हलवणारे लोक मिळतात.

हे न बघता स्प्रे मारणं म्हणजे लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणं. प्रश्न गेल्यासारखा दिसतो, आपल्याला कळत काहीच नाही.

आता बाळाचं. कागदी पोळं उंच, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर असतं, तर मी "राहू द्या" म्हटलं असतं. पण तुळशीला रोज पाणी घालायला हात तिथेच जातो आणि बाळ तिथेच खेळतं. गांधीलमाशीचा काटा मधमाशीसारखा तुटून राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. एखाद्याला तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर एक डंखही जिवावर बेततो. तोंड सुजलं, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मग पोळं काढणं अहिंसेत बसतं का? इथे माउलींनी पळवाट ठेवलेली नाही. याच अध्यायावर लिहिताना ते अहिंसेसाठी खूप थांबतात. चालणं, बघणं, बोलणं, हातांची हालचाल, सगळ्यात ती कशी दिसते ते सांगतात. आणि त्याआधी, एका जीवासाठी दुसरा जीव घेणाऱ्या उपायांवर टीका करतात, त्यात आयुर्वेदही सुटत नाही. "बाळासाठीच तर करतोय" हे आपलं वाक्य त्या टीकेत नेमकं सापडतं.

मला वाटतं, ते तिथेच सापडू द्यावं. पोळं काढायला हवं, आणि ती हिंसाच आहे. तिला "त्यांची सुटका झाली" असलं गोड नाव देऊ नये. पण बघणाऱ्याच्या हातून ती कमी होते. एकच माशी आणि तीन-चार खोल्या असतानाच लक्ष गेलं, तर बहुतेक पिल्लं जन्मायची असतात, माशी उडून दुसरीकडे बांधते. ताईंकडे अजून तेवढंच आहे. अंधार पडल्यावर, अंगभर कपडे घालून, बाळाला आत ठेवून, लांब काठीने देठापासून पाडा आणि मागे या. आग लावू नका. सकाळी देठाची जागा पुसून घ्या आणि पुढचे काही दिवस तिथे नजर ठेवा, कारण माशी त्याच जागी परत बांधायला येऊ शकते. पोळ्यावर माश्यांची दाटी झाली असेल तर मात्र स्वतः करू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना नातवाची काळजी आहे, आणि ती बरोबरच आहे.

उद्याचं लक्षण: क्षांती.

राम कृष्ण हरी.