सवय कशाची?

महाराष्ट्रातून झाशीस येणाऱ्या पाहुण्यास बुंदेलखंडाचा उन्हाळा ऐकून ठाऊक असतो. पारा ४५ अंशांपलीकडे जातो याचे त्यास नवल वाटत नाही. परंतु पौष-माघातील काही रात्री तोच पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, हे ऐकून तो चकित होतो. हिमालयावर बर्फ पाडून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की वायव्येचा कोरडा, गार वारा मैदानात शिरतो. आकाश निवळते, आणि दिवसा कमावलेली ऊब भूमी रातोरात आकाशास देऊन टाकते.

अशा रात्री येथील मानिक चौकात बंद दुकानाच्या पायरीवर कोणी पोते पांघरून निजलेला दिसला म्हणजे आम्हां पांढरपेशांच्या तोंडून एक वाक्य सहज निघते : ‘या लोकांना सवय असते.’ या वाक्यात ज्ञान किती आणि सोय किती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शरीर थंडीस थोडेफार सरावते, हे मान्य केले पाहिजे. पण त्या सरावास मर्यादा आहे. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की सावकार असो वा हमाल, जिवास धोका ठेवलेलाच. १७४२ मध्ये नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून येथे आले. त्या काळापासून मराठी घराणी झाशीत नांदत आली आहेत. इतक्या पिढ्यांत आम्हांस सवय जडली ती थंडीची नव्हे. रजईची, शेगडीची आणि दार लोटून घेण्याची. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यास सवय आहे असे आम्ही कशावरून म्हणतो? तो तक्रार करीत नाही, एवढ्यावरूनच. आणि तक्रार नसणे हे पुष्कळदा ऐकणारा नसल्याचेच लक्षण असते.

वर्तमानपत्रातला आकडाही त्याचा नव्हे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असता, उघडी जमीन त्याहून काही अंशांनी अधिक गार होते. शहराबाहेर रात्री गव्हास पाणी देणारा शेतकरी ओल्या पायांनी जी थंडी सोसतो, ती त्या आकड्यात उतरत नाही.

थंडी हा निसर्गाचा क्रम, त्यास दोष कोण देणार, असा आक्षेप येईल. तथापि मैदानी मुलखात किमान तापमान ४ अंशांवर वा त्याखाली आले म्हणजे हवामान खाते ती थंडीची लाट मानते, आणि तिची सूचना आगाऊ देते. जे आधी कळले ते केवळ दैव राहत नाही. थंडी पाडणे निसर्गाकडे. ती कोणाच्या अंगावर पडावी, हे पुष्कळसे आपण ठरवीत असतो. म्हणून रात्रीचे निवारे कार्तिकातच सज्ज ठेवणे ही दया नव्हे, साधा हिशेब आहे.

संक्रांतीस इकडे खिचडीचे दान करतात, आपण तिळगूळ वाटतो. चाली चांगल्याच, पण गारठा तिथी पाहून येत नाही. ‘मला सवय आहे’ असे म्हणावयाचे असेल तर ते उघड्यावर रात्र काढणाऱ्याने म्हणावे. ते त्याच्या वतीने म्हणून टाकण्याचा अधिकार रजईतल्या माणसास नाही.